निरोपाचा खो

“मग जाऊ ना, सर?”

मगदूम सर मैदानावर पाणी मारत होते. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा लांब टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सर, जाऊ ना?”

“तिकडं सरक. तू उभा आहेस तिथं कोरडं राहतंय.”

प्रज्योत सरकला.

तो एक साधा गुरुवार होता. सकाळी प्रज्योत हेरवाडेनं कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल केलं होतं, कँटीनमध्ये उसळ-पाव खाल्ला होता. दुपारी बाकाखाली धरलेल्या फोनवर त्याला स्वतःचं नाव दिसलं. खो-खोच्या मोठ्या लीगची निवड त्या दिवशी चालली होती. संघ आळीपाळीनं एकेक खेळाडू उचलत होते. दक्षिणेकडच्या एका संघानं त्याला पहिल्याच फेरीत उचललं होतं.

तो उठून वर्गाबाहेर आला. परत आत गेला नाही. दप्तर बाकावरच राहिलं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या अर्ध्या लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. त्याची आई गल्लीत पेढे वाटून आली होती. एकटे मगदूम सर तेवढे काही बोलले नव्हते.

“सोमवारी शिबिर सुरू होतंय सर. रविवारी रात्रीची गाडी आहे.”

“आणि कॉलेज?”

“नाव काढायला लागतंय. हजेरी भरणार न्हाई.”

“दुसरं वर्ष ना?”

“दुसरं. आता काय, सर… पदवी घेऊन तरी मी काय करणार हाय? शेवटी खेळच की.”

सरांनी नळी दुसऱ्या हातात घेतली.

“गुडघा कसा आहे?”

“एकदम ओके.”

“मागच्या महिन्यात सुजला होता.”

“तो उतरला की सर.”

“हं.”

पाणी मातीत मुरत होतं. खांबाजवळची माती काळी दिसायला लागली.

“सर, तुम्ही कायतरी बोला की.”

“काय बोलू?”

“जा म्हणा. नाहीतर नको म्हणा.”

“नको म्हटलं तर राहशील?”

प्रज्योत म्हणाला, “न्हाई.”

“मग विचारायला कशाला आलास?”

“खो पाहिजे,” प्रज्योत म्हणाला.

सरांच्या खो-खो मंडळात ही रीत फार जुनी होती. गाव सोडून बाहेर खेळायला जाणारा पोरगा शेवटचं एकदा आपल्या चौकोनात बसायचा. सर पाठीमागून येऊन त्याला खो द्यायचे. पोरगा उठायचा, पळत खांबाला वळसा घालायचा आणि तसाच फाटकातून बाहेर पडायचा. मागं बघायचं नाही. ज्याला हा खो मिळाला नाही, तो गेला असं मंडळ मानत नसे. पळून गेला असं मानत असे.

सरांनी नळ बंद केला. नळी गुंडाळायला घेतली.

“रविवारी ये,” ते म्हणाले.

*

रविवारी सगळा संघ लवकर जमला. कुणीतरी परातभर गुलाल आणला होता. तौफिक मुल्लानं हलगी आणली होती आणि ती शेकायला वर्तमानपत्र पेटवलं होतं. तो रांगेत प्रज्योतच्या शेजारच्या चौकोनात बसायचा. शाळेपासून.

“आला बघा आमचा टीव्हीवाला,” तौफिक म्हणाला. “हिरो, तिकडं गेल्यावर आम्हाला वळखशील का न्हाई?”

“तुला कोण विसरंल? चूक करायला तूच शिकवलंस मला.”

“बघा सर, आत्ताच भाषा बदलली याची.”

पोरं हसली. सर हसले नाहीत. ते खांबाजवळ चपला काढत होते.

प्रज्योत नवी कोरी जर्सी घालून आला होता. लीगच्या संघानं अजून दिलेली नव्हती. त्यानं स्वतःच तसल्या रंगाची शिवून घेतली होती. पाठीवर नाव होतं. भली मोठी प्रवासाची बॅग त्यानं कुंपणाला टेकवून ठेवली. फाटकाबाहेर त्याच्या मामाची जीप उभी होती.

“बसा,” सर म्हणाले.

आठ जण मधल्या पट्टीवर रांगेत बसले. एकाचं तोंड पूर्वेला, पुढच्याचं पश्चिमेला. खो-खोत असंच बसतात. नववा पळत असतो. त्यानं पाठीमागून हात लावून खो म्हटलं की बसलेला उठतो आणि पळायला लागतो. खो देणारा त्याच क्षणी त्या रिकाम्या जागेवर बसतो. हात लागायच्या आत उठणं ही चूक. फार जुनी आणि फार सोपी चूक. चांगल्या खेळाडूंकडूनच ती जास्त होते, कारण त्यांना पाठीमागचं पाऊल ऐकू येतं.

प्रज्योतला ते फार लांबून ऐकू यायचं. लीगवाल्यांनी त्याला त्यासाठीच उचललं होतं. हात टेकतो न टेकतो तोच तो वाऱ्यासारखा सुटलेला असायचा.

निरोपाच्या खोत फरक एवढाच होता की सर बसत नसत. पोरगा पळत सुटला की सगळी रांग मोडून त्याच्या मागं धावायची. गुलाल, हलगी, शिट्ट्या. त्या गडबडीत तो एक चौकोन तसाच रिकामा राहायचा.

प्रज्योत बसला. एक पाय पुढं, एक मागं, तळहात मातीवर.

सर अनवाणी चालत निघाले. पहिल्या गड्याच्या मागून, दुसऱ्याच्या समोरून.

प्रज्योत उठला.

“बस,” सर म्हणाले. ते अजून हातभर लांब होते.

पोरं हसली. प्रज्योतही हसला आणि परत बसला.

सर पुन्हा खांबापासून निघाले. या खेपेला ते त्याच्या अगदी मागं येऊन उभे राहिले. हात पुढं केला नाही. नुसते उभे राहिले…

प्रज्योत उठला.

“बस.”

“पंच असता तर शिट्टी झाली असती, हिरो,” तौफिक म्हणाला.

“गप रे.”

तिसऱ्यांदा सर आले आणि त्याच्या मागून पुढं निघून गेले. प्रज्योत अर्धा उठला, चाचपडला, परत बसला. आता कुणी हसलं नाही. हलगी गार पडायला लागली होती. फाटकाबाहेर मामांनी हॉर्न दिला.

“सर,” तौफिक हळूच म्हणाला, “गाडी चुकंल त्याची.”

“चुकू दे.”

प्रज्योत उभा राहिला. खो नव्हता, पाऊल नव्हतं. तो सरळ उभा राहून मागं वळला.

“सर, तुम्हाला मला सोडायचंच न्हाई. सरळ सांगा की तसं.”

सर खांबाला टेकून उभे होते.

“मी कुणाला धरून ठेवलंय?”

“मग हे काय चाललंय? समद्यांच्या देखत? मी काय नवशिका हाय का?”

“तिकडं गेल्यावर किती पळवतील तुला?”

“पळवतील की. त्यासाठीच घेतलंय.”

“आणि बसवतील कधी?”

“बसायला कोण जातंय तिकडं, सर?”

सरांनी त्याच्या रिकाम्या चौकोनाकडं बघितलं.

“आणि एक सांगतो,” प्रज्योत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि ते त्याचं त्यालाही कळत होतं. “मी निशांतदादा न्हाई.”

तौफिकनं मान खाली घातली.

*

निशांत सरांचा मुलगा.

तोही दुसऱ्या वर्षाला असतानाच गेला होता. अशाच निवडीत त्याचं नाव आलं होतं. सरांनी त्याला स्वतः खो दिला होता, मोठ्यानं, शाळेच्या मैदानापर्यंत ऐकू जाईल असा. आणि मग पोरांच्या बरोबरीनं हातात गुलाल घेऊन ते त्याच्या मागं फाटकापर्यंत धावले होते. त्या दिवशी त्यांच्याइतकं कुणी हसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ पुरा करायला त्यांनी निशांतच्या चौकोनात एका नव्या पोराला बसवलं. तो पोरगा तेव्हा नववीत होता. प्रज्योत.

निशांत एक हंगाम खेळला. दुसऱ्या वर्षी त्याला कुठल्याच संघानं घेतलं नाही. गुडघा गेला होता. एकदा तो गावी आला. सराव चालू असताना कुंपणाबाहेर उभा राहिला. सरांनी त्याला बघितलं. सराव संपल्यावर बोलू, असं त्यांच्या मनात होतं. सराव संपला तेव्हा कुंपणाशी कुणी नव्हतं.

पुढं पुण्यात त्यानं एका गोदामात काम धरलं. खोलीवर एकटाच असायचा. ताप आला तो त्यानं अंगावर काढला. घरी कळवलं नव्हतं.

निशांत गेल्याचा फोन आला तेव्हा सर मैदानावर पाणी मारत होते. ओल्या हातानंच त्यांनी फोन घेतला, ऐकला, खिशात ठेवला. अर्धं मैदान भिजवायचं बाकी होतं. ते त्यांनी भिजवलं. मग नळी गुंडाळली आणि घरी गेले.

गावात बरेच दिवस लोक म्हणत, माणूस दगडाचा आहे.

*

“न्हाईस,” सर म्हणाले. “तू निशांत न्हाईस. तू त्याच्यापेक्षा चांगला आहेस.”

प्रज्योतला हे अपेक्षित नव्हतं.

“सर, मला तसं म्हणायचं नव्हतं…”

“तसंच म्हणायचं होतं. त्यात वाईट काय?”

वारा नव्हता. पेटवलेल्या वर्तमानपत्राची राख जागेवरच पडून होती.

“त्याचा पाय तुझ्यापेक्षा जड होता,” सर म्हणाले. “सूर मारताना डावा खांदा आधी टाकायचा. शंभरदा सांगितलं. ऐकलं न्हाई. हट्टी होता.”

“दादा मला सूर मारायला शिकवायचा,” प्रज्योत म्हणाला. “नववीत असताना, तो जायच्या आधी. वाळूत.”

“डावा खांदा टाकायला शिकवलं असेल.”

“व्हय.”

“तरीच.”

तौफिकला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं.

प्रज्योत पायाखालच्या मातीकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, “दादा आलेला, तेव्हा मी इथंच बसलो होतो न्हवं?”

“इथंच.”

“मला दिसला होता तो. मी हात केला.”

“मग?”

“त्यानं पण केला.” प्रज्योतनं कुंपणाकडं बघितलं. “मला वाटलं, येईल आत.”

सरांनी खांबावरून हात फिरवला. खांबाला तेल लावलेलं होतं. हात पुसायला त्यांनी धोतराचा सोगा धरला आणि तसाच सोडून दिला.

“मी राहू का, सर?” प्रज्योत म्हणाला.

हे तो सहज म्हणाला. पण म्हटल्यावर सगळी रांग त्याच्याकडं बघायला लागली, आणि ते शब्द आता माघारी घेता येणार नाहीत हे त्याच्याही ध्यानात आलं.

“राहायचंय तुला?”

प्रज्योतनं फाटकाकडं बघितलं. जीपकडं. कुंपणाला टेकलेल्या बॅगेकडं.

“न्हाई,” तो म्हणाला. “जायचंय.”

“मग बस खाली.”

तो बसला. एक पाय पुढं, एक मागं, तळहात मातीवर.

सर लगेच आले नाहीत.

ते मैदानाच्या कडेनं एक लांब फेरी मारून आले. मध्येच थांबले. माती उकरलेली दिसली तिथं पायानं सारखी केली. पुढं गेले. प्रज्योतच्या कानांवर आधी त्यांचं प्रत्येक पाऊल पडत होतं. मग त्यानं ऐकणं सोडलं. त्याचे खांदे खाली आले. तौफिकला शेजारून त्याचा चेहरा दिसत होता. प्रज्योत रडत नव्हता, पण कुठं बघायचं ते त्याला कळत नव्हतं.

मामांनी पुन्हा हॉर्न दिला. प्रज्योत हलला नाही.

पाठीवर हात पडला. नावाच्या बरोबर मध्ये.

“खो.”

सर इतकं हळू बोलले की पलीकडच्या टोकाच्या पोरांना ऐकूच आलं नाही. घरात झोपलेल्याला उठवावं तसं.

प्रज्योत उठला. क्षणभर कुठल्या बाजूनं पळायचं तेच त्याला सुचलं नाही. मग पाय आपोआप निघाले. खांबाला त्यानं असा काही वळसा घातला की पोरांच्या तोंडून आपसूक आवाज निघाला. तौफिकनं हलगीवर काठी मारली. गुलाल उडाला. रांग मोडली आणि सगळे ओरडत त्याच्या मागं फाटकाकडं सुटले. मामांनी जीप चालू केली. कुणीतरी बॅग उचलून मागच्या सीटवर टाकली. कुणीतरी त्याच्या केसांत गुलाल चोळला.

“आई स्टँडवर येणार हाय म्हणे, डबा घेऊन,” मामा म्हणाले. “चल लवकर.”

प्रज्योतनं जीपच्या पायरीवर पाय ठेवला. तिथं त्याला जाणवलं की सगळे आहेत, फक्त सर नाहीत. निरोपाला सर नेहमी फाटकापर्यंत यायचे.

त्यानं मागं बघितलं.

“अरे, बघू नको,” कुणीतरी ओरडलं.

हलगी थांबली. तौफिकही मागं बघत होता.

मैदान रिकामं होतं. मधल्या पट्टीवर, प्रज्योतच्या चौकोनात, मगदूम सर बसले होते. एक पाय पुढं, एक मागं, तळहात मातीवर. धोतर ओल्या मातीनं भरलं होतं. त्यांचं तोंड फाटकाकडं नव्हतं. त्या चौकोनातला गडी ज्या बाजूला तोंड करून बसायचा, त्या बाजूला होतं.

“सरांना काय झालं?” एक जण म्हणाला. “पडले का?”

“पडले न्हाईत,” तौफिक म्हणाला. “बसलेत.”

पोरं तिथंच उभी राहिली. कुणी पुढं गेलं नाही. सर आता उठतील, असं प्रत्येकाला वाटत होतं.

सर उठले नाहीत.

प्रज्योत पायरीवरून उतरला. मामा काहीतरी म्हणाले ते त्यानं ऐकलं नाही. फाटकातून तो आत आला, मैदानावर आला. गुलालानं माखलेला, हळूहळू चालत. असं चालत त्या मैदानावर तो कधी गेला नव्हता.

तो सरांच्या मागं येऊन उभा राहिला.

“सर.”

सरांनी मागं बघितलं नाही.

“सर, उठा की. पोरं बघायला लागलीत.”

“बघू देत.”

“गुडघं दुखतील तुमचं.”

“दुखतायत.”

“मग उठा.”

“आपणहून उठायचं नसतं,” सर म्हणाले. “चूक होते.”

प्रज्योतला त्यांची मान दिसत होती. पांढरे केस, त्यांवर उडालेला थोडासा गुलाल. ती मान इतकी बारीक झाली आहे, हे त्याच्या लक्षात कधी आलं नव्हतं.

त्यानं हात पुढं केला. सरांच्या पाठीला तो लागणारच होता.

“आत्ता हात लावू नकोस,” सर म्हणाले. “परत येशील तेव्हा लाव.”

हात तिथंच थांबला.

“सर, असं काय करताय? दर वेळी तुम्ही फाटकापर्यंत येता. ह्या वेळी का बसलाय?”

सरांनी पुढचा पाय थोडा सरळ केला, पुन्हा दुमडला. मग ते बोलले. आवाज रोजचाच होता, पाणी मारताना असायचा तसा.

“निशांतला उठवलं, तेव्हा मी बसलो नव्हतो.”